नैराश्यावरील औषध: घेण्याची व सोडण्याची रीत

घरांत एखादें औषध आलें कीं त्याची परीक्षा करण्याची आपल्याकडील रीत ठरलेली आहे. ताप आलेल्या माणसाला गोळी दिली व दोन तासांनीं घाम सुटला, म्हणजे औषध लागू पडलें. गोळीनें मळमळूं लागलें, म्हणजे औषध मानवलें नाहीं. ताप उतरला, म्हणजे औषधाचें काम संपलें आणि उरलेल्या गोळ्या फडताळांत गेल्या. तापाच्या बाबतींत ही परीक्षा पुष्कळशी खरी ठरते. परंतु नैराश्य या विकारावर डॉक्टर जीं औषधें देतात त्यांच्या बाबतींत हीच परीक्षा माणसाला दोन्ही टोकांना फसविते. प्रारंभीं त्रास आधीं जाणवतो व गुण मागाहून येतो. शेवटीं औषध सोडल्यावर कित्येकदां कांहीं काळ ठीक वाटतें व अपाय मागाहून दिसतो. सुशिक्षित घरांतूनहि या औषधांच्या पायीं जे घोटाळे होतात, त्यांपैकीं बरेचसे या एका उलटेपणामुळें होतात.

नैराश्य म्हणजे परीक्षेंतील अपयशानें किंवा आप्ताच्या वियोगानें चार दिवस मन खिन्न होणें नव्हे. ज्यांची आवड होती अशा गोष्टींतील गोडी नाहींशी होणें, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हां झोंप न लागणें, भूक मरणें, विचार मंदावणें, आपण घरच्यांना भार झालों आहोंत असें सारखें वाटणें, अशीं लक्षणें दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज टिकलीं म्हणजे वैद्यकशास्त्र त्याला विकार समजतें. विकार सौम्य असेल तर तज्ज्ञाशीं ठराविक दिवशीं होणाऱ्या संभाषणानेंच कित्येकांना गुण येतो व गोळीची गरज पडत नाहीं. मध्यम व तीव्र विकारांत मात्र औषधाचा आधार बहुधा घ्यावा लागतो. तो केव्हां घ्यावा हें ठरविणें डॉक्टरांचें काम. घेतलेला आधार नीट सांभाळणें हें रोग्याचें व त्याच्या घराचें.

हीं औषधें शोधण्यासाठीं मुळांत कोणी निघालें नव्हतें. १९५२ सालीं न्यूयॉर्कमधील स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयाच्या रोग्यांना आयप्रोनियाझिड नांवाचें नवें औषध देऊन पाहात असतां त्यांच्या वृत्तींत विलक्षण पालट दिसला. खितपत पडलेलीं माणसें बोलूं-हंसूं लागलीं, जेवण मागूं लागलीं. नाथन क्लाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानें १९५७ सालीं तेंच औषध नैराश्याच्या रोग्यांना दिल्याचा अनुभव जाहीर केला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथें रोलंड कून यांनीं, दुसऱ्याच एका मनोविकारावर उपयोगी न पडलेलें इमिप्रामीन नैराश्यावर गुणकारी असल्याचें दाखविलें. डिसेंबर १९८७ मध्यें अमेरिकेंत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली, आणि पुढील काळांत त्याच जातीचीं सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, एस्सिटालोप्राम इत्यादि औषधें सर्वत्र पसरलीं. आपल्या शहरांतील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आज पुष्कळदां यांपैकींच एखादें नांव असतें. चुकून जास्त घेतलीं गेलीं तर हीं जुन्या औषधांपेक्षां कमी घातक. पण एक गोष्ट जुन्या-नव्यांत समान राहिली आहे. गोळी पोटांत गेल्यावर कांहीं तासांतच मेंदूंतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांच्या व्यवहारांत फरक पडतो. मन वर येण्यास मात्र आठवडे लागतात. मेंदूंत एक द्रव्य कमी पडतें व गोळी तेवढें भरून काढते, ही सोपी उपपत्ति म्हणूनच अपुरी ठरली आहे.

आतां पहिल्या पंधरवड्याचा विचार करूं. मळमळ, पातळ शौचास होणें, डोकें दुखणें, घाम, झोंपेची मोडतोड, मनाची एक प्रकारची हुरहूर, हे त्रास पहिल्या दिवसापासून येऊं शकतात. पुष्कळांत ते आठ-पंधरा दिवसांत ओसरतात. डॉक्टर बहुधा लहान मात्रेनें प्रारंभ करितात तो याचसाठीं. मळमळत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. झोंप उडत असल्यास सकाळीं आणि गुंगी येत असल्यास रात्रीं घेण्याविषयीं डॉक्टरांना विचारावें. शाळेंत घातलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यांत बीजगणित येत नाहीं म्हणून कोणी त्याची शाळा सोडवीत नाहीं. परंतु चौथ्या दिवशीं औषध सोडणारे मात्र पुष्कळ भेटतात. गुणाचीं पहिलीं चिन्हें दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दिसूं लागतात, आणि तीं रोग्याच्या आधीं घरच्यांना दिसतात. महिनाभर खिडकीशीं बसून राहिलेली आई एका सकाळीं आपण होऊन फुलांची परडी घेऊन खालीं उतरते. तिला विचारावें तर ती "कांहीं फरक नाहीं" असेंच सांगते. पुरता गुण यावयास चार ते आठ आठवडे धरावे. योग्य मात्रा चार आठवडे नियमानें घेऊनहि मुळींच फरक नसेल, तर तें डॉक्टरांना सांगावें. मात्रा वाढविणें किंवा औषध बदलणें हा त्यांचा पुढचा उपाय असतो. आपल्या मनानें एकाच्या दोन गोळ्या घेणें हा उपाय नव्हे.

याच प्रारंभकाळांत एक गंभीर धोका असतो व त्याविषयीं संकोच न धरतां बोललें पाहिजे. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०० ४ सालीं या सर्व औषधांच्या वेष्टणावर मुलांसंबंधीं ठळक चौकटींत इशारा छापावयास लावला व २००७ सालीं तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांनाहि लागू केला. मुलांवरील चोवीस प्रयोगांचे आंकडे एकत्र केले तेव्हां, औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें चार जणांच्या आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें दोन जणांच्या मनांत आत्महत्येचे विचार किंवा तसें वर्तन दिसून आलें होतें. त्या प्रयोगांत प्रत्यक्ष आत्महत्या एकहि घडली नव्हती, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. चोवीस वर्षांपुढील माणसांत असा वाढीव धोका आढळला नाहीं, व पासष्टीपुढें तर तो घटलेला दिसला. यावरून तरुणांना औषध देऊंच नये असें ठरत नाहीं. विकाराकडे दुर्लक्ष करणें हाहि मोठाच धोका आहे. ठरतें तें इतकेंच कीं पहिले कांहीं आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस घरच्या माणसांनीं जागें राहावयाचें आहे. एकाएकीं वाढलेली तळमळ, एका जागीं बसवेनासें होणें, चिडखोरपणा, निरवानिरवीची भाषा, यांपैकीं कांहीं दिसलें तर पुढच्या भेटीची वाट पाहूं नये, त्याच दिवशीं डॉक्टरांना कळवावें. मनांत मरणाचे विचार येतात काय, असें रोग्याला सरळ विचारल्यानें ते विचार उत्पन्न होतात ही समजूत खोटी आहे. अशा रोग्याच्या हातीं महिन्याच्या गोळ्या एकदम न देतां आठवड्यापुरत्याच द्याव्या व बाकीच्या घरांतील दुसऱ्या कोणीं कुलपांत ठेवाव्या. रात्रीं-अपरात्रीं सल्ला हवा असल्यास भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनि-सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

याच्या उलट प्रकारहि होतो. रोगी एकाएकीं अति उल्हसित दिसूं लागला, तीन-तीन तास झोंपून ताजातवाना उठूं लागला, पैसा उधळूं लागला, तर घरच्यांना आनंद होतो. डॉक्टरांना काळजी वाटते. नैराश्य व उन्माद आळीपाळीनें येणारा एक वेगळा विकार आहे व त्यांत नुसतें हें औषध अपाय करूं शकतें. घराण्यांत कोणाला तसा विकार असल्यास पहिल्याच भेटींत सांगावा.

औषधाचा दुसऱ्या पदार्थाशीं होणारा विरोध कसा लक्षांत आला त्याची कथा चमत्कारिक आहे. आयप्रोनियाझिडच्या जातीचीं औषधें जोरांत असतां १९६३ सालीं लंडनच्या मॉड्सली रुग्णालयांतील बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टरांना एका औषधविक्रेत्याचें पत्र आलें. त्याची पत्नी तें औषध घेत होती, व चीज खाल्लें कीं तिचें डोकें असह्य दुखे. चीज आणि औषध यांचा कांहीं संबंध असेल काय, असें त्याचें विचारणें होतें. पुढें सिद्ध झालें कीं मुरलेल्या चीजमधील टायरामीन हें द्रव्य एरवीं शरीर पचवून टाकतें. पण या जातीच्या औषधानें तें पचविण्याची शक्ति बंद पडते व रक्तदाब भयंकर वाढतो. तीं औषधें आज क्वचितच दिलीं जातात, परंतु त्यांनीं शिकविलेला धडा जुना झालेला नाहीं. मार्च १९८४ मध्यें लिबी झायन नांवाची अठरा वर्षांची विद्यार्थिनी ताप व अंगाचे झटके यांसाठीं न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत दाखल झाली. ती त्याच जातीचें फेनेल्झिन घेत होती. तेथें तिला पेथिडिनची सुई टोंचली गेली, आणि कांहीं तासांत ती दगावली. या दोन औषधांचा विरोध हें त्या मृत्यूचें संभाव्य कारण समजलें जातें. पुढें बराच वाद होऊन १९८९ मध्यें न्यूयॉर्क राज्यानें शिकाऊ डॉक्टरांच्या कामाचे तास नियमानें मर्यादित केले, इतका तो प्रसंग गाजला.

आपल्या घरांतील प्रसंग याहून साधे असतात. खोकल्याच्या कित्येक बाटल्यांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतें; कंबरदुखीसाठीं ट्रॅमाडॉल दिलें जातें; औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर लिनेझोलिड द्यावें लागतें. हीं तिन्ही सेरोटोनिनच्या व्यवहारांत हात घालणारीं असल्यामुळें नैराश्यावरील औषधाबरोबर त्यांचा मेळ घातक होऊं शकतो. दरदरून घाम, हातापायांना कंप, स्नायूंचे झटके, ताप, जुलाब व भ्रम हीं लक्षणें थोड्या तासांत एकत्र दिसलीं तर ताबडतोब रुग्णालय गांठावें. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या जोडीला रोज घेतल्यास पोटांत रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. वृद्धांत, विशेषतः रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारी गोळी चालूं असेल तर, रक्तांतील सोडियम हा क्षार उतरतो. आजोबा अडखळूं लागले, नांवें विसरूं लागले, सारखे पेंगूं लागले, तर "वय झालें" म्हणून सोडून न देतां रक्त तपासून घ्यावें. एस्सिटालोप्रामची मोठी मात्रा हृदयाच्या ठोक्यांच्या तालावर परिणाम करिते, म्हणून साठीपुढें डॉक्टर ती आंखडती ठेवितात. झाडपाल्याचें औषध तेवढें निर्धोक, हीहि समजूत टाकून द्यावी. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपांत नैराश्यावर वापरली जाणारी वनस्पति या गोळ्यांशीं चांगलीच भांडते. दारूविषयीं तर वेगळें सांगावयास नको.

"या गोळ्यांची सवय लागते" ही भीति घरोघर ऐकूं येते. तींत अर्धेंच सत्य आहे. नैराश्यावरील औषधाची दारू-अफूसारखी ओढ लागत नाहीं, मात्रा वाढवीत जावीशी वाटत नाहीं. परंतु आपल्याकडे बाजारांत मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत एस्सिटालोप्रामच्या जोडीला क्लोनाझेपाम हें झोंप आणणारें औषध मिसळलेलें असतें, व त्याची मात्र खरोखरच सवय लागते. पाकिटावर दोन नांवें आहेत काय, हें घरांत आलेल्या पहिल्याच दिवशीं वाचून पाहावें व दुसरें किती दिवस घ्यावयाचें तें डॉक्टरांना विचारावें. हीं औषधें कायद्यानें डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाचीं असतात. ओळखीच्या दुकानदारानें तशींच दिलीं तर ती त्याची कृपा समजूं नये.

यानंतर मधला, शांत काळ येतो, आणि खरी कसोटी तेथें लागते. मन ताळ्यावर आलेलें असतें. मग रोजची गोळी हीच आजाराची तेवढी आठवण उरते. ती नकोशी होते. एक कारण असें असतें कीं जें रोगी क्वचितच उच्चारतो: या औषधांपैकीं पुष्कळांनीं दांपत्यजीवनांतील इच्छा मंदावते व तो परिणाम आपोआप जात नाहीं. लाजून गुपचूप गोळी सोडणारे डॉक्टरांना एवढें सांगतील तर मात्रा किंवा औषध बदलून मार्ग निघतो.

दुसरें कारण लोकलज्जेचें. शहरांतील घरांतून वारंवार घडणारा प्रकार असा: मुलीला दोन वर्षांपूर्वीं नैराश्य आलें, औषधानें ती सावरली, नोकरी करूं लागली, लग्न ठरलें. सासरीं कळतां कामा नये म्हणून लग्नाच्या आठवड्यांत गोळ्या बंद करण्यांत येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं तिला घेरी येते, डोक्यांत विजेचा झटका बसल्यासारखें होतें, चमत्कारिक स्वप्नें पडतात. घरचे तें धावपळीवर आणि उपवासावर घालतात. दोन आठवड्यांत तें ओसरतें, आणि सर्वांना वाटतें, बघा, गोळीवांचून कांहीं अडलें नाहीं. चार-सहा महिन्यांनीं, नव्या घरांत, पूर्वीचा विकार पुन्हां डोकें वर काढतो. आणि त्या घरांत पूर्वींची हकीकत ठाऊक असलेलें एकहि माणूस नसतें. तिची पहाटेची जाग आणि कामांतील मंदपणा यांना मग आळस, माहेरची ओढ, नाहीं तर नखरा अशीं नांवें मिळतात. येथें मुलीचा दोष तिळमात्र नाहीं. तिच्या वडीलधाऱ्यांनीं लग्नाची तिथि ज्योतिषाला विचारली, तशी ती डॉक्टरांनाहि कळविली असती तर औषध चालूं ठेवावयाचें कीं सावकाश उतरवावयाचें, याचा निर्णय वेळींच झाला असता. ज्याच्याशीं जन्म काढावयाचा त्या माणसाला आधीं सांगून टाकणें हें तर सर्वांत बरें. गरोदरपणाच्या बाबतींतहि हेंच. दिवस गेल्याचें कळतांच घाबरून गोळी बंद करूं नये. पहिल्या महिन्यांत पॅरॉक्सेटीन शक्यतों टाळतात, अंगावर पाजणाऱ्या आईला बहुधा सर्ट्रालीन पसंत करितात, आणि ही निवड आधीं विचार केला तर सुखानें होते.

गोळी चुकण्याचे प्रसंग साधे असतात. गणपतीला कोंकणांत गेलेल्या मंडळींच्या पिशवींत उकडीच्या मोदकांचे साचे आठवणीनें जातात, औषध मुंबईस राहातें. शरीरांतून लौकर निघून जाणाऱ्या व्हेन्लाफॅक्सीन किंवा पॅरॉक्सेटीनची दोन दिवसांची चूक लगेच भोंवते. फ्लुओक्सेटीन आठवडेच्या आठवडे शरीरांत रेंगाळतें, म्हणून त्याची चूक जाणवत नाहीं. प्रवासाला निघतांना चार दिवसांच्या गोळ्या अधिक घ्याव्या व चिठ्ठीची प्रत जवळ ठेवावी. चुकलेली गोळी त्याच दिवशीं आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशीं आठवली तर दोन एकदम न घेतां नेहमींची एकच घ्यावी. एकादशीच्या उपवासाला गोळीची अडचण पडण्याचें कारण नाहीं.

शेवटीं सोडण्याची रीत. बरें वाटूं लागल्यापासून निदान सहा महिने, कित्येकदां वर्षभर औषध चालूं ठेवावयास डॉक्टर सांगतात; विकार वारंवार आलेला असेल तर दोन वर्षें किंवा अधिक. याला आधार आहे. ब्रिटनमध्यें बराच काळ औषध घेऊन स्वस्थ असलेल्या ४७८ रोग्यांवर एक प्रयोग झाला व तो २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींचें औषध चालूं ठेविलें, कांहींना हळूहळू औषधविरहित गोळ्यांवर आणलें. आपण कोणत्या गटांत हें कोणालाच ठाऊक नव्हतें. वर्षाअखेर औषध चालूं असलेल्यांपैकीं शेंकडा ३९ जणांना विकार उलटला, सोडलेल्यांपैकीं शेंकडा ५६ जणांना. म्हणजे औषध ही कांहीं हमी नाहीं, आणि सोडणाऱ्या शंभरांपैकीं चव्वेचाळीस जण वर्षभर नीट राहिले हेंहि तितकेंच खरें. जन्मभर गोळी हा नियम नव्हे. पण सोडण्याचा मुहूर्त परीक्षा, बदली, बाळंतपण असल्या धामधुमीचा नसावा.

सोडण्याचा त्रास एक-दोन आठवड्यांत आपोआप मिटतो असें पूर्वीं डॉक्टरहि सांगत. ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनें २०१९ सालीं तें मत सुधारलें, व कांहींना हा त्रास तीव्र आणि दीर्घ होतो हें मान्य केलें. त्रास कोणता व उलटलेला विकार कोणता हें ओळखण्याची एक खूण आहे. घेरी, झटके, स्वप्नें हीं मात्रा कमी केल्यापासून थोड्या दिवसांत येतात व मात्रा पूर्ववत् करतांच बहुधा लौकर थांबतात. विकार उलटतो तो आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं, आणि पूर्वीच्याच पावलांनीं येतो. मात्रा उतरविण्याची चाल सम नसावी. वीस मिलिग्रॅमवरून पंधरावर येणें आणि पांचावरून शून्यावर येणें हें कागदावर सारखें दिसतें, मेंदूला तें सारखें नसतें. थोडीशी मात्राहि आपल्या मानानें पुष्कळ काम करीत असते. जुन्या विहिरीच्या वरच्या पायऱ्या ठेंगण्या आणि तळाच्या उंच असाव्या, तसा हा उतार आहे. म्हणून तळाशीं पावलें लहान करावीं लागतात. दोन-चार आठवड्यांनीं एक पायरी, त्रास झाला तर तेथेंच थांबणें, आणि शेवटच्या अर्ध्या किंवा पाव गोळीला सर्वांत अधिक काळ देणें. मात्र ज्या गोळ्या पोटांत सावकाश विरघळाव्या म्हणून मुद्दाम घडविलेल्या असतात, त्या तोडूं नयेत. त्यांच्या लहान मात्रेची सोय डॉक्टरांकडून करून घ्यावी.

औषध संपल्यावर उरलेलीं पाकिटें ठेवून देण्याचा मोह होतो. शेजारच्या काकूंनाहि असेंच होतें, त्यांना उपयोगी पडतील, असें कोणी म्हणतें. काकूंच्या रक्तदाबाच्या व इतर गोळ्या कोणत्या, तें म्हणणाऱ्याला ठाऊक नसतें. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या गोळ्या तर लहान मुलानें खाऊ समजून थोड्याशा तोंडांत टाकल्या तरी त्याच्या हृदयावर बेतूं शकतें. अशीं पाकिटें औषधाच्या दुकानांत किंवा रुग्णालयांत परत घेत असतील तर तेथें द्यावीं. नाहीं तर गोळ्या सोडवून, चहाच्या चोथ्यांत कालवून, पिशवींत बांधून केरांत टाकाव्या.